देवळाच्या पागोळ्या

धर्मस्थानात ऐकलेल्या चांगल्या गोष्टीचे आयुष्य किती, असे कोणी विचारले तर मी सांगेन, वहाणा पायांत सरकवीपर्यंत. कीर्तन असो, प्रवचन असो की रविवारची मिस्सा असो. ऐकताना मान डोलते आणि बाहेर आल्यावर माणूस पहिली चौकशी करतो ती रिक्षाची. अलीकडे ‘धर्म आणि पर्यावरण’ या विषयावर व्याख्याने, परिसंवाद आणि शिबिरे यांचा जो सुकाळ झाला आहे, त्याकडे मी जरा दुरूनच पाहत आलो तो यामुळे. पृथ्वी ही माता आहे हे आपल्याला कधी ठाऊक नव्हते? या मातेला कोणत्या लेकराने किती दिले, हे विचारले की मात्र सभा शांत होते.

तरीही या विषयावर लिहायला बसलो आहे, याचे कारण माझ्या वर्गातली वसईकडची मुले. डिमेलो, डाबरे, परेरा अशा आडनावांची आणि घरी कादोडी नाहीतर वाडवळी बोलणारी ही मुले मराठीचा तास मोठ्या आपुलकीने ऐकतात. त्यांच्या निमित्ताने वसईला जाणेयेणे घडले. गोव्यात चर्चला ‘इगर्जी’ म्हणतात. तो शब्द सरळ पोर्तुगीजांकडून आला. वसईची जुनी माणसे मात्र चर्चला ‘देऊळ’ म्हणतात. १५३४ पासून १७३९ पर्यंत, म्हणजे चिमाजी अप्पांनी किल्ला घेईपर्यंत, दोनशे वर्षे पोर्तुगीज येथे राहिले. ते पगार, चावी, बटाटा हे शब्द आपल्या सर्वांच्या पदरात घालून गेले. पण देवळाचे देऊळपण त्यांना बदलता आले नाही. भाषा शिकवणाऱ्या माणसाला याचा आनंद होणे साहजिक आहे. पण मी सांगणार आहे ते या देवळाच्या पाण्याविषयी.

ख्रिस्ती धर्मात सृष्टीविषयीच्या विचारांची वाण आहे असे नाही. आठशे वर्षांपूर्वी असिसीच्या संत फ्रान्सिसने सूर्याला भाऊ आणि पाण्याला बहीण मानले. १९७९ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्याला पर्यावरणाचा अभ्यास आणि जतन करणाऱ्यांचा आश्रयदाता संत म्हणून घोषित केले. २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी ‘लाउदातो सी’ हे प्रदीर्घ परिपत्रक काढले, त्याचे नावही त्याच संताच्या स्तोत्रातले. आमच्या मराठीत तर रेव्हरंड टिळकांनी फुला-पाखरांवर इतकी माया केली की त्यांना ‘फुलामुलांचे कवी’ हेच नाव पडले. तेव्हा वाण आहे ती तत्त्वाची नव्हे. वाण आहे ती पन्हळीची.

पन्हळ म्हणजे काय, हे सांगण्याआधी वसईची जमीन सांगितली पाहिजे. पश्चिमेला समुद्र, दक्षिणेला वसईची खाडी, उत्तरेला वैतरणा. तीन बाजूंनी खारे पाणी आणि मध्ये केळी, पानवेली, मोगरा, चाफा, भाजीपाला यांच्या वाड्या. येथली राजेळी केळी उन्हात वाळवून सुकेळी होतात. येथली फुले आणि भाजी पहाटेच्या लोकलने दादरला जात आली. खाऱ्या पाण्याच्या वेढ्यात हे हिरवे बेट जगले कसे? जमिनीखाली गोडे पाणी खाऱ्या पाण्याच्या डोक्यावर तरंगत असते म्हणून. गोडे हलके, खारे जड. शास्त्रज्ञांचा एक सोपा हिशेब आहे: समुद्राच्या पातळीच्या वर गोड्या पाण्याची १ मीटर उंची असेल, तर ते खाली सुमारे ४० मीटरपर्यंत खाऱ्याला दाबून धरते. ही गोष्ट उलट्या बाजूनेही तितकीच खरी. वरचे अर्धे मीटर उपसून नेले, तर खालून खारे पाणी हळूहळू २० मीटर वर सरकते. सावकारी व्याज म्हणतात ते याहून सौम्य असेल.

वसईच्या पूर्वजांना हे गणित ठाऊक नव्हते, पण त्याचे उत्तर ठाऊक होते. त्या उत्तराचे नाव बावखळ. बावखळ म्हणजे धड विहीर नव्हे आणि धड तळेही नव्हे. वाडीच्या मधोमध खणलेला, उतरत्या काठांचा तो एक मोठा खळगा. पावसाळ्यात तो तुडुंब भरतो, पाणी सावकाश जमिनीत मुरते आणि उन्हाळ्यात तेच पाणी शिंपण्याला मिळते. पूर्वी काठावर रहाट असे. रहाट गेला, विजेचा पंप आला. तोपर्यंतही फारसे बिघडले नव्हते. मग मुंबईची वाढती वस्ती वसईच्या दाराशी आली, टँकर आले, विहिरीचे पाणी विकण्याचा धंदा झाला आणि खाचराला इमारतीच्या चौरस फुटाचा भाव लागला. बावखळे बुजू लागली. बुजवलेल्या बावखळाचा सूड दुहेरी असतो: उन्हाळ्यात ते पाणी देत नाही आणि पावसाळ्यात पाणी घेत नाही. २०१८ च्या जुलैत वसई-विरारच्या वस्त्यांत पाणी दिवसच्या दिवस तुंबून राहिले आणि लोकल गाड्या बंद पडल्या, तेव्हा हे सर्वांनी पाहिले.

या साऱ्याविरुद्ध १९८० च्या दशकाच्या अखेरीला हरित वसईची चळवळ उभी राहिली. तिच्या अग्रभागी एक धर्मगुरू होते, हे महाराष्ट्राला माहीत आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो. ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक, ‘सुबोध बायबल’चे लेखक आणि २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. २०२४ च्या जुलैमध्ये ते गेले. त्यांच्याविषयी पुष्कळांनी पुष्कळ लिहिले आहे. मला त्यातली एकच गोष्ट येथे महत्त्वाची वाटते. झगा घातलेला माणूस टँकरवाल्यांच्या आणि बांधकामवाल्यांच्या विरोधात रस्त्यावर आला, आणि त्याच्या मागे ख्रिस्ती आले तसे हिंदूही आले. पाण्याला धर्म नसतो हे वाक्य आपण सभेत म्हणतो. तेथे लोक ते मोर्चात चालून दाखवत होते.

पण मोर्चा रोज निघत नाही. आणि खरे सांगायचे तर मोर्चापेक्षा अवघड काम मोर्चा संपल्यावर असते. येथे मला चर्चची खरी शक्ती दिसते. नगरपालिकेला सभेसाठी माणसे गोळा करावी लागतात. चर्चमध्ये ती दर रविवारी आपण होऊन येतात. आपल्या कॉलेजातल्या वृक्षारोपणाला वर्षातून एक दिवस असतो, तोही छायाचित्रापुरता. चर्चकडे वर्षाचे अख्खे पंचांग आहे. त्याच्याकडे जमीन आहे, छप्पर आहे, विहीर आहे, दफनभूमी आहे. आणि माणसाचा जन्म, लग्न व मरण या तिन्ही वेळी त्याचा शब्द घरात ऐकला जातो. इतकी सामग्री हाताशी असताना नुसते प्रवचन करणे म्हणजे घरात तांदूळ, नारळ, गूळ असताना पाहुण्याला खिरीचे वर्णन ऐकवण्यासारखे आहे.

छपराचेच पाहा. १ चौरस मीटर छपरावर १ मिलिमीटर पाऊस पडला की बरोबर १ लिटर पाणी होते. हा हिशेब चौथीच्या मुलालाही यावा. मध्यम देवळाचे छप्पर ५०० चौरस मीटर धरा आणि या किनाऱ्याचा पाऊस २००० मिलिमीटर धरा. एका पावसाळ्यात १० लाख लिटर! थोडे उडाले, थोडे वाहिले असे म्हणून चौथा हिस्सा सोडून दिला तरी साडेसात लाख उरते. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर हे ७५ टँकर पाणी झाले, आणि ते येशूच्या डोक्यावरून पागोळ्यांनी गळून गटाराला मिळते. पन्हळ लावून, वाळू-खडीच्या गाळणीतून ते आवारातल्या विहिरीत सोडायला एखाद्या नोव्हेनाच्या मांडवाइतका खर्च येईल. पहिल्या एकदोन सरींचे पाणी धूळ आणि पक्ष्यांची घाण घेऊन येते, ते बाहेर सोडावे. पुढचे आत घ्यावे. एवढेच शास्त्र. देवळाची विहीर जुलैत भरलेली पाहिली की शेजारचा गडी आपल्या कौलांकडे वर मान करून पाहू लागतो. हे काम दहा प्रवचनांना साधायचे नाही.

छपराचे पाणी असे घेतले आणि आवार मात्र सिमेंटच्या चौकोनी ठोकळ्यांनी मढवून टाकले, तर काय उपयोग? या ठोकळ्यांचा मला मनस्वी राग आहे. देणगीदाराला आपले पैसे कोठे गेले ते डोळ्यांना दिसावे लागते आणि ठोकळे फार उत्तम दिसतात. माती दिसत नाही. आमच्याकडच्या देवस्थानांनीही हेच केले आहे. पाराभोवतीचा ठोकळ्यांचा फास पिंपळाच्या गळ्यापर्यंत आला आहे. त्यामुळे या बाबतीत कोणी कोणाला हसू नये. मोटारी उभ्या राहतात तेवढी जागा सोडून बाकीची उखडावी आणि तेथे वड, उंबर, जांभूळ, उंडी यांना पाय पसरू द्यावेत. लग्नाचे फोटो जांभळाखाली वाईट येत नाहीत.

आवारातले झाड राखणे हा धर्माचाच भाग कसा होतो, हे पाहायचे तर इथिओपियाकडे पाहावे. त्या देशाच्या उत्तरेकडच्या डोंगराळ भागातले रान गेल्या शतकात शेती आणि गुरे यांच्या पायी जवळजवळ नाहीसे झाले. विमानातून खाली पाहिले तर पिवळ्या-तपकिरी माळावर मधूनमधून हिरवे ठिपके दिसतात. प्रत्येक ठिपक्याच्या मध्यभागी एक गोल छपराचे ऑर्थोडॉक्स चर्च असते. तेथले लोक रानाला देवळाचे वस्त्र मानतात. ते फाडायचे नसते. आपल्या सह्याद्रीतल्या देवरायांचा हा सख्खा भाऊ. माधव गाडगीळ आणि वर्तक यांनी १९७० च्या दशकात त्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा देवाच्या भीतीने काय काय वाचले आहे हे शिकलेल्यांना कळले.

पण श्रद्धा असूनही इथिओपियातले ठिपके कडेकडेने झिजत होते. गुरे आत शिरत आणि कोवळी रोपे खाऊन जात. म्हातारी झाडे उभी, पण त्यांच्यामागे मूलबाळ नाही, अशी स्थिती. अलेमायेहू वासी हे त्याच देशाचे वनशास्त्रज्ञ आणि मार्गारेट लोमन या अमेरिकन संशोधक विदुषी, या दोघांनी तेथल्या धर्मगुरूंना एकत्र बसवून आकाशातून घेतलेली चित्रे पडद्यावर दाखवली. आपल्या देवळाचे वस्त्र किती आखडले, ते त्यांना डोळ्यांनी दिसले. मग उपाय निघाला तो अगदी गावठी: दगडी गडगा. शेतकऱ्यांच्या शेतांत नांगराला आडवे येणारे दगड पडलेले होतेच. ते वेचून देवळाच्या रानाभोवती रचले. शेत मोकळे झाले, रान बंद झाले, गुरे बाहेर राहिली. आणि आत रोपे वर आली. मला या गोष्टीत सर्वांत आवडतो तो दगड. तो कोणी विकत आणला नाही. अडचणीच्या जागेवरून उचलून कामाच्या जागी ठेवला.

वसईच्या पंचांगातही असे दगड पुष्कळ पडलेले आहेत. प्रायश्चित्तकाळाचे चाळीस दिवसच घ्या. त्याच्या आरंभी, भस्म बुधवारी, कपाळावर जी राख लावतात, ती गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित केलेल्या झावळ्या जाळून केलेली असते. जुने टाकायचे नाही, त्यातूनच नवे करायचे, हा धडा ज्या धर्माच्या विधीतच आहे त्याला बाहेरून कोणी काय शिकवावे? या चाळीस दिवसांत भाविक मांसाहार सोडतात, मद्य सोडतात. त्याच्या जोडीला एखाद्या वर्षी विहिरीवरच्या पंपाचा एक तास सोडावा. बाटलीबंद पाणी सोडावे. सोडण्याची सवय आधीच आहे. फक्त काय सोडायचे त्याची यादी थोडी वाढवायची.

नाताळच्या गोठ्याविषयी बोलायचे म्हणजे हसू येते. वसईत हिम पडल्याचे कोणाच्या पणजोबांनीही ऐकले नसेल. पण थर्मोकोलचे हिम गोठ्यावर वर्षानुवर्षे पडत असे. २०१८ मध्ये महाराष्ट्रात थर्मोकोलच्या सजावटीवर बंदी आली, हे बरेच झाले. भाताचा पेंढा, बांबू, माती आणि महिनाभर आधी ताटलीत पेरलेली नाचणी. मुलांच्या हातून असा गोठा होतो आणि त्याला गोठ्याचा वासही येतो. आणि मोगरा पिकवणाऱ्या गावात वेदीवर प्लॅस्टिकची फुले कशासाठी? ती टिकतात, असे मला एका बाईंनी सांगितले. टिकतात हे खरेच. तीच तर पंचाईत आहे.

मरणाचे मी हलक्या हाताने लिहितो. प्लायवूड, रोगण, कृत्रिम अस्तर आणि धातूच्या मुठी लावलेली शवपेटी ओलसर जमिनीत वर्षानुवर्षे तशीच राहते. दफनाची जागा तेवढीच, माणसे वाढलेली, आणि माती तर आपले काम करू शकत नाही. वसईकडच्या काही धर्मग्रामांनी पेटी बाजूला ठेवून सुती कापडात गुंडाळून दफन करण्याची जुनी रीत पुन्हा सुरू केली आहे. गरीब घराचा खर्च वाचतो, झाड वाचते आणि माणूस मातीत लवकर मिसळतो. अंत्यविधीत धर्मगुरू जे मातीचे शब्द उच्चारतो, ते निदान अशा वेळी अक्षरशः खरे होतात. सुरुवात सोपी नसते. ‘बापाला पेटीसुद्धा दिली नाही’ हे शेजारणीचे शब्द मुलाच्या जिव्हारी लागतात. म्हणून ही गोष्ट एकट्या कुटुंबावर सोडून चालत नाही. सर्व धर्मग्रामाचा एकच नियम असला की कोणाला खाली पाहावे लागत नाही. दोन नोव्हेंबरच्या मृतांच्या स्मरणदिनी, म्हणजे आमच्या दिवाळीच्या आगेमागे, दफनभूमीत मेणबत्त्यांचा लखलखाट होतो. दुसऱ्या दिवशी ते मेण खरवडून पुन्हा मेणबत्त्या करणारी पोरे मिळाली तर त्यांना शाबासकी द्यावी. लग्नाच्या पंगतीला कागदी-प्लॅस्टिकच्या ताटांऐवजी देवळाच्या मालकीची स्टीलची पाचशे ताटे असावीत. गावकीची भांडी ही आपल्याकडची जुनीच सोय; ती मोडून आपण फेकण्याची चैन शिकलो.

आतापर्यंतचे सगळे सोपे होते. ताटे घासणे, पन्हळ लावणे, ठोकळे उखडणे यांत कोणाचे पोट जात नाही. अवघड आहे ती जमीन. वाडी विकू नका, असे वेदीवरून सांगणारा धर्मगुरू ज्यांना सांगतो, त्यांच्यापैकीच कोणी तरी गेल्या महिन्यात इसार घेतलेला असतो. त्याला लोभी म्हणून मोकळे होणे हे पगारदार माणसाला शोभत नाही. मुलाला कॅनडाला पाठवायचे आहे, भावांच्या वाटण्या झाल्या आहेत, मजूर मिळत नाही, विहीर मचूळ झाली आहे आणि समोर अशी रक्कम ठेवली आहे की जी केळीच्या तीन पिढ्यांनी पाहिली नसती. या माणसाला प्रवचन नको. गिऱ्हाईक हवे, कर्ज हवे आणि सोबत हवी.

गिऱ्हाईक तर दारातच आहे. रविवारी मिस्सा सुटली की दोन-चारशे कुटुंबे आवारात उभी असतात. तेथे धर्मग्रामातल्या शेतकऱ्यांची भाजी, फुले, केळी मांडली तर दादरची पहाटेची लोकल आणि दलाल दोन्ही टळतात. कर्जाचे म्हणाल, तर वसईच्या ख्रिस्ती समाजाने १९१८ मध्येच सहकारी पतसंस्था उभी केली. आजची बसीन कॅथॉलिक बँक ती हीच. शंभर वर्षांपूर्वी सावकाराच्या पाशातून सुटण्यासाठी ज्यांनी हे केले, त्यांच्या नातवांनी बावखळ उपसण्यासाठी, ठिबक सिंचनासाठी कमी व्याजाचे कर्ज मागितले तर ते वावगे ठरू नये. आणि चर्चने आपली स्वतःची रिकामी जमीन आधी राखावी. ती कसायला द्यावी, पडीक ठेवू नये, आणि सभागृह बांधण्याच्या मोहात तर मुळीच पडू नये. मेंढपाळाने आपले कुरण विकले तर मेंढरांना काय सांगणार?

सोबतीविषयी मी एक कल्पना वर्गात बोलून दाखवली. लग्न ठरले की वधूवरांची नावे तीन रविवार मिस्सेत जाहीर करण्याची ख्रिस्ती लोकांत जुनी रीत आहे. या विवाहाला कोणाला काही अडचण ठाऊक असेल तर त्याने पुढे येऊन सांगावे, असे विचारले जाते. त्याच धर्तीवर तरुणांनी दर महिन्याला दहा विहिरींचे क्षार मोजावेत. त्याचे बोटाएवढे यंत्र बाजारात मिळते. आलेला आकडा नावांच्या शेजारी फलकावर लावावा. कोणाची विहीर मचूळ होते आहे हे गावाला वेळेवर कळेल. आणि पुढे जाऊन, ज्याला वाडी विकायची आहे त्याचेही नाव तीन रविवार जाहीर व्हावे. कोणाला अडवण्यासाठी नव्हे. त्या तीन आठवड्यांत शेजारच्या कोणाला ती घ्यायची असेल, कसायची असेल, बँकेला काही करता येत असेल, तर ते पुढे येतील.

मागच्या बाकावरचा एक डाबरे उठून म्हणाला, “सर, लग्नाला हरकत घ्यायला आमच्याकडे कोणी उठत नाही. जमिनीचे नाव वाचले तर सगळे चुलते उठतील.”

मी म्हटले, “मग तर फारच उत्तम. निदान वर्षभर तरी विक्री होणार नाही.”